मनगटी सैल व्हायला लागली की टेप लावा: लहान मुलांचं कुपोषण घरी कसं ओळखायचं आणि मग काय करायचं

माझ्या लेकीच्या हातात आजीनं काळ्या मण्यांची मनगटी बांधली होती. पाचव्या महिन्यात ती बरोब्बर बसायची, आणि अकराव्या महिन्यात हात वर केला की सरकत पार कोपरापर्यंत जायला लागली. आम्ही काय केलं, तर तिला अजून एक गाठ मारली. बाळ वाढतंय तर दोरा रुतायला हवा ना, सैल कसा होतोय, हे घरातल्या चार शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आम्ही सुदामानगरात राहतो, इंदूरला. घरात खायला-प्यायला कमी नाही, रविवारी पोहे-जिलबी ठरलेली, आणि कुपोषण म्हणजे तिकडे झाबुआ-अलीराजपूरच्या आदिवासी जिल्ह्यांच्या बातम्यांमधलं काहीतरी असाच समज. "बापावर गेलीय, तोही लहानपणी काडीच होता" हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलं असेल. एका डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी वजन न करताच भुकेचं टॉनिक लिहून दिलं, ते दोन बाटल्या पाजलं, फरक शून्य. शेवटी व्हिटॅमिन एच्या डोससाठी मागच्या गल्लीतल्या अंगणवाडीत गेले तेव्हा तिथल्या दीदीनं सहज दंडाला पट्टी लावली आणि म्हणाली, "दीदी, ये तो पीले में आ रही है." 12.1 सेंटीमीटर. वजन 6.8 किलो. अकरा महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन 8.7 किलो असतं आणि 6.9 च्या खाली गेलं की ती कमी वजनात मोजली जाते.

तर पहिली गोष्ट ती पट्टी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आकडे तेच, वय वेगळं म्हणून आकडा बदलत नाही, कारण एक ते पाच वर्षांत दंडाचा घेर फारसा वाढतच नाही, बाळपणीची चरबी जाते आणि तिथे स्नायू येतो. 12.5 सेंटीमीटर किंवा जास्त म्हणजे हिरवा. 11.5 ते 12.5 च्या मधे पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषण, ज्याला मॅम म्हणतात. 11.5 च्या खाली लाल, म्हणजे सॅम, अतितीव्र. मोजायचं असं: डावा हात, बाही पूर्ण वर. कोपर काटकोनात वाकवा, खांद्याच्या टोकाचं हाड बोटानं शोधा, कोपराचं टोक शोधा, दोन्हींच्या बरोब्बर मध्यावर पेनानं ठिपका द्या. मग हात सोडून द्या, अगदी ढिला लटकू द्या, आणि त्या ठिपक्यावरून टेप फिरवा. कातडी दाबली जाणार नाही आणि टेपखाली फटही राहणार नाही इतकीच घट्ट. बाळ रडत असेल तर हात ताठ करतं आणि आकडा चुकतो, म्हणून दूध पीत असताना मोजा. अंगणवाडीची टेप नसेल तर शिवणाची चालते, फक्त इंचाची बाजू वर ठेवू नका, आमच्याकडे एकदा तोही घोळ झालेला आहे.

दुसरी गोष्ट वजन, आणि त्यात एका दिवसाचा आकडा नाही तर रेघ बघायची. लसीकरणाच्या कार्डात मागे तो आलेख असतो, तो निम्म्या घरांत कोराच असतो (आमचाही होता). दर महिन्याला त्याच काट्यावर, कपडे काढून. जन्माचं वजन साधारण पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं हा ढोबळ हिशोब. रेघ आडवी पडली किंवा खाली वळली की पट्टा हिरवा असला तरी विचारा. उंचीही बघा, वजन कमी नसून मूल वयाच्या मानाने खुजं राहिलं तर तेही कुपोषणच आहे, फक्त हळूहळू झालेलं, आणि ते दोन वर्षांनंतर भरून काढणं फार अवघड जातं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या मध्य प्रदेशात पाच वर्षांखालच्या जवळपास 36 टक्के मुलांची उंची अशी कमी निघाली आणि 33 टक्क्यांचं वजन, म्हणजे प्रत्येक तिसरं मूल, ही सगळी काही आदिवासी पाड्यावरची नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. सूज. काही मुलं वाळत नाहीत तर फुगतात, गाल भरतात, आणि घरचे खूष होतात की अंग धरलं. दोन्ही पावलांवर वरच्या बाजूला अंगठा ठेवून एक-दोन-तीन मोजेपर्यंत दाबा आणि उचला. दोन्हीकडे खड्डा तसाच राहिला तर दंड हिरवा असो, वजन कितीही असो, तडक दवाखाना. सोबत केस तांबूस आणि विरळ होतात, ओढले तर सहज येतात, कातडीची सालपटं निघतात, मूल किरकिर करतं किंवा मग एकदम गप्प, खेळणं पुढे केलं तरी बघत नाही. गप्प बसणारं मूल घरात "शहाणं" म्हणवलं जातं, तेव्हा जपून.

आता लाल आलं तर काय? भूक आहे का बघतात, ताप-जुलाब-सूज आहे का बघतात. खातंय, तब्येत बरी आहे तर बऱ्याचदा घरीच, अंगणवाडी आणि एएनएमच्या (सरकारी नर्सच्या) देखरेखीखाली उपचार होतात. पण सूज असेल, खायला तोंडच उघडत नसेल, सगळं ओकत असेल, झटके, सुस्ती, अंग गार पडणं, श्वास जोरात (वर्षाच्या आतलं बाळ मिनिटाला 50 किंवा जास्त, वर्षावरचं 40 किंवा जास्त), यातलं एकही असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर भरती. जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच ठिकाणी ब्लॉकच्या सरकारी दवाखान्यात पोषण पुनर्वास केंद्र असतं, सगळे एनआरसीच म्हणतात, आई सोबत राहते, जेवण मिळतं, बुडालेल्या मजुरीचा थोडा भत्ताही मिळतो. साधारण चौदा दिवस.

तिथे पहिले काही दिवस बाळाला अगदी पातळसर दूध, एफ-75 नावाचं, दर दोन तासांनी, रात्री उठवूनसुद्धा, मोजून देतात, आणि घरच्यांना वाटतं हे काय, एवढंसं पाजतात, घरी नेऊन बदाम-तूप खाऊ घालू. नका हो. इतक्या वाळलेल्या शरीराचं सगळं कामच मंद झालेलं असतं, एकदम जड खाणं पोटात गेलं की रक्तातले क्षार घसरतात आणि हृदयावर ताण येतो, मूल दगावू शकतं. म्हणून आधी एफ-75, त्यात 100 मिलीला 75 कॅलरी, भूक परतली की मग त्याहून दाट एफ-100. लोहाचं औषधही सुरुवातीला देत नाहीत, इन्फेक्शन आवरून वजन वाढायला लागल्यावर देतात. चौथ्या-पाचव्या दिवशी बाळ हसायला लागतं आणि नेमकं तेव्हाच घरून फोन यायला लागतात, धाकट्याला कोण बघणार, स्वयंपाक कोण करणार. आईला तिथे टिकवायचं असेल तर घरचं काम दुसऱ्यानं उचलायचं, उपचाराचा हा भाग डॉक्टरच्या हातातला नाही, सासू आणि नवऱ्याच्या हातातला आहे.

आमचं पिवळं होतं, भरती लागली नाही, सगळी लढाई स्वयंपाकघरातच झाली. आणि खलनायक निघाला वरणाचं पाणी. दीदीनं विचारलं काय देता, मी अभिमानानं सांगितलं दाल का पानी, भात का मांड, सेबफळाचा रस. ती नुसती हसली. आता हिशोब बघा, बाळाचं पोट किलोमागे साधारण 30 मिली, म्हणजे सात किलोच्या बाळाचं जेमतेम 200 मिली, एक छोटी कटोरी. त्यात वरचं पाणी ओतलं की पोट भरलं, बाळ झोपलं, आणि पदरात पडलं काय तर हळद-मीठ. म्हणून नियम एकच, चमचा तिरका केला तरी घास चटकन ओघळायला नको. मूगडाळ-तांदूळ गाळून नाही, घोटून. त्यात एक चमचा तूप किंवा तेल, तेवढ्याच चमचाभरात 45 च्या आसपास कॅलरी जातात. शेंगदाण्याचं कूट अगदी बारीक करून (अख्खा दाणा, फुटाणा अजिबात नाही, घशात अडकतो). अंडं चालत असेल तर अंडं, आमच्याकडे आजीला चालत नव्हतं, ते बाहेर गॅलरीत वेगळ्या भांड्यात उकडायचं ठरलं आणि चाललं.

घट्ट दिलं तर गिळत नाही अशी तक्रार असते, त्यावर जुना उपाय आहे. मूठभर गहू रात्री भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, उन्हात खडखडीत वाळवा, हलकं भाजा, दळा. घट्ट शिजवलेला दलिया कोमट झाला की त्यात या पिठाचा अर्धा-एक चमचा घालून ढवळा, बघता बघता तो सैल होतो, पाणी एक थेंब न घालता. मोडातला पाचक रस स्टार्च तोडतो म्हणून. मग परत एक उकळी काढा, कच्चं पीठ पोटात नको. पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं भांडं बदललं की काय.

किती वेळा? सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, मध तर वर्षापर्यंत नाहीच. मग दोन-तीन चमच्यांनी सुरुवात, आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीनदा आणि हळूहळू अर्धी वाटी, नऊ महिन्यांपासून तीन-चारदा आणि मधे एक-दोन वेळा खाऊ, वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू. बाळाचं ताट वेगळं, म्हणजे किती पोटात गेलं ते कळतं, आपल्या ताटातून भरवलं की अंदाजच लागत नाही. धान्य, डाळ-दाणे, दूध-दही, अंडं, मासे-मटण, पिवळी-केशरी आणि हिरवी भाजी-फळं, बाकीची भाजी-फळं, आणि अंगावरचं दूध, या आठांतले रोज पाच तरी हवेत. चहा-बिस्किट बंद, चहानं लोह अंगी लागत नाही आणि बिस्किट म्हणजे मैदा न् साखर. आणि हो, सेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे. इंदूरचा माणूस आणि सेव सुटणं अशक्य, पण मुलाच्या हातात मुठीनं दिली की जेवणाच्या वेळी भूक मेलेली असते.

दात येताहेत म्हणून जुलाब होतात यावर विश्वास ठेवून बसू नका. जुलाब आणि कुपोषण एकमेकांचा हात धरून येतात. ओआरएस, आणि सोबत झिंक पूर्ण 14 दिवस, सहा महिन्यांवरच्याला 20 मिलिग्रॅम, त्याखालच्याला 10. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी झिंक थांबवायचं नाही. लाल पट्ट्यातल्या किंवा सूज असलेल्या मुलाला ओआरएस किती, ते दवाखान्यातच ठरतं, त्यात उशीर नको. आजारात खाणं बंद करायचं नाही आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. दुधाची बाटली फेकून द्या, वाटी-चमचा धुवायला सोपा. व्हिटॅमिन ए नवव्या महिन्यापासून दर सहा महिन्यांनी, जंताचं औषध वर्ष झाल्यावर वर्षातून दोनदा, दोन वर्षांच्या आत अर्धी गोळी कुटून.

आमचं तीन महिन्यांत वजन 8.1 झालं, दंड 13.1. रोज वजन करायचा मोह होतो, करू नका, एक शू आणि एक शी यांनी आकडा हलतो आणि घरात उगाच भांडणं होतात. मनगटी मात्र मधल्याच एका आठवड्यात इतकी रुतली की गाठी सुटेनात, कात्रीनंच कापावी लागली. आजी दोन दिवस बोलली नाही, मग राजवाड्याच्या बाजारात जाऊन नवीन घेऊन आली, या वेळी सरकगाठीची.