स्मृतिभ्रंश चाचणीचे मानदंड ठरवताना

स्मृती, लक्ष, भाषा तपासणाऱ्या तीस गुणांच्या एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) चाचणीत पदवीधरांना आणि निरक्षरांना एकच गुणमर्यादा लावली, तर कधीच शाळेत न गेलेली, घरचा सगळा हिशेब तोंडी सांभाळणारी धडधाकट आजीही रुग्ण ठरू शकते. म्हणून मानदंडासाठी निरोगी माणसांचा नमुना निवडतानाच वय आणि शालेय वर्षे यांनुसार गट पाडावेत आणि निरक्षरांचा गट पुरेसा मोठा ठेवावा. पक्षाघात वा नैराश्य असलेल्यांना वगळावे. चष्मा, श्रवणयंत्र मात्र लावूनच चाचणी घ्यावी. लक्ष तपासण्यासाठी शंभरातून सात-सात वजा करायला लावण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणवून घ्यावेत, जसे हरियाणातील बल्लभगढसाठी रचलेल्या हिंदी चाचणीत केले गेले. निरोगी माणसांचे गुण बहुधा कमाल मर्यादेपाशी गर्दी करतात, त्यामुळे सरासरी व प्रमाण विचलन (गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा) यांवर विसंबण्यापेक्षा प्रत्येक गटाची शतमके, म्हणजे गटातील किती टक्के लोकांचे गुण त्या गुणापेक्षा कमी आहेत ते, द्यावीत.