पाखरू नंतर, आधी पान

नागपुरात फुलपाखरांच्या नोंदी सुरू करायच्या म्हटलं की नवी मुलं आधी विचारतात, कॅमेरा कोणता घेऊ? मी म्हणतो, आधी अंगणातला कढीपत्ता बघा. कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं, तर ती बहुधा लाइम बटरफ्लायची किंवा कॉमन मॉरमॉनची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते. लाइमची अळी संत्र्याच्या रोपवाटिकेत पानं फस्त करते, त्यामुळे काटोलकडच्या शेतकऱ्यांना ती आपल्याआधीपासून माहीत आहे.

प्रत्येक फुलपाखराची अळी ठरावीक झाडांवरच वाढते : रुईवर प्लेन टायगर, एरंडावर कॉमन कॅस्टर, पानफुटीवर रेड पिएरो, आसुपालवावर टेल्ड जे. एवढ्या जोड्या पाठ झाल्या की पाखरू शोधत फिरावं लागत नाही. पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटवर टाकळा माजतो, त्यावर मॉटल्ड एमिग्रंट अंडी घालते. आणि नेमका तोच टाकळा ‘कचरा’ म्हणून कापला जातो. शहरातलं संवर्धन म्हणजे बरेचदा एवढंच असतं : माळीदादांना गाठून एक कोपरा दिवाळीपर्यंत तसाच ठेवून घ्यायचा.

मोजणीसाठी एकच वाट धरा. अंबाझरी, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा, नाहीतर कॉलनीतला नाला, काहीही चालेल. जंगलाच्या हद्दीत वनविभागाची परवानगी तेवढी घ्या. ब्रिटिश फुलपाखरू-अभ्यासक अर्नेस्ट पोलार्ड यांची पद्धत सोपी आहे : ठरलेल्या वाटेनं सावकाश चालायचं, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्यातलंच मोजायचं. ब्रिटनमध्ये १९७६ पासून हजारो स्वयंसेवक असंच मोजत आलेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा सकाळी लवकर निघा आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. दुर्मीळ जातीचा एखादा फोटो टाकून गायब होणाऱ्यापेक्षा वर्षभर कॉमन एमिग्रंट मोजणारा मला जास्त कामाचा वाटतो.

फोटो काढताना पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू घ्या. छोटी निळी फुलपाखरं खालच्या बाजूवरूनच ओळखू येतात. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. अशा वेळी मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके आहेत का ते बघायचं. ठिपके असले तर टायगर. नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जागा आणि तारखेसह टाका. ओळख पटली नसेल तर नुसतं ‘फुलपाखरू’ लिहून सोडा, ओढूनताणून नाव देऊ नका.

खरी मजा मात्र पतंगांत आहे. भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून थोड्या जास्त जाती, पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. पांढरी चादर ताणून बांधायची, पुढे मर्क्युरीचा किंवा अतिनील दिवा लावायचा. चांदण्यात पतंग कमी येतात म्हणून अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. पोळ्याची अमावास्या भर पावसाळ्यात येते, त्यामुळे ती सोडू नका. एखादा चौकीदार “काय करून राहिले जी?” म्हणत येतोच, त्याला खुर्ची द्या. काम झालं की दिवा विझवा आणि चादर हलकेच झटका, नाहीतर उजाडताच बुलबुल न् दयाळ तिथं न्याहारी उरकतात.

संत्र्याच्या बागेजवळ चादर लावली तर पिवळ्याधमक मागच्या पंखांचा एक दांडगा पतंग येऊ शकतो. हा अंधार पडल्यावर पिकत्या फळाला सोंड खुपसून रस शोषतो आणि फळ गळून पडतं. याची अळी गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते, म्हणून बागेभोवतीच्या या वेली उपटायचा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. तिथं जैवविविधतेवर भाषण ठोकू नका. कोणत्या रात्री, किती वाजता, किती पतंग आले, हे बागवाल्याला लिहून द्या. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेर फुललेली, फळं झाडावर असताना त्याला नेमकं तेच हवं असतं.