या चुका टाळा: बुरशीनाशक पाण्यात विघटित झाले म्हणजे धोका टळला असे नाही

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात डाऊनी (केवडा) या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या फवारण्या वाढतात. फवारणीनंतर ब्लोअरच्या (फवारणी यंत्राच्या) टाकीत उरलेले द्रावण आणि टाकी धुतलेले पाणी कुठे गेले याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष असते, कारण हे औषध पाण्यात लवकर ‘उतरते’, म्हणजे विघटित होते, हे सर्वांना ठाऊक असते. ते खरेही आहे. पाण्यात दोन दिवसांच्या आतच निम्मे मॅन्कोझेब विघटित होते. चूक होते ती यापुढे विचार न करण्यात.

या विघटनातून इथिलीन थायोयुरिया म्हणजेच ईटीयू तयार होते. मूळ भुकटी पाण्यात जेमतेम विरघळते आणि मातीला धरून राहते, तर ईटीयू पाण्यात सहज विरघळून निचऱ्याबरोबर खाली जाऊ शकते. मासे व शेवाळ यांना मूळ मॅन्कोझेब अधिक घातक आहे; माणसाच्या दृष्टीने ईटीयूची चिंता मोठी, कारण ते थायरॉईड ग्रंथीच्या संप्रेरकनिर्मितीत अडथळा आणते आणि प्रयोगशाळेतील उंदरांच्या गर्भात त्यामुळे व्यंगे आढळली आहेत. गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईड संप्रेरकांवर अवलंबून असते, हे लक्षात घेता गरोदर स्त्रिया असलेल्या घरांनी याबाबत अधिक दक्ष राहायलाच हवे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे विहिरीच्या काठावर किंवा बोअरजवळ टाकी धुणे. ओढ्याच्या उघड्या पाण्यात सूर्यप्रकाशामुळे ईटीयूचे विघटन बऱ्यापैकी होते. भूजलात प्रकाश नसतो आणि सूक्ष्मजीवही कमी असतात, त्यामुळे तेथे ते अधिक काळ टिकू शकते. म्हणून टाकी बागेतच तीनदा थोड्या थोड्या पाण्याने धुऊन ते पाणी त्याच पिकावर फवारून टाकावे. ते ओढ्यात सोडणे हाही उपाय नव्हे, कारण तेथे मासे मरतात.

काल कालवलेले औषध आज मारणे हीदेखील तितकीच सर्रास होणारी चूक आहे. रात्रभरात औषधाची ताकद घटते आणि द्रावणातील ईटीयू वाढते, म्हणजे नुकसान दुहेरी. कॅप्टान या दुसऱ्या बुरशीनाशकाच्या बाबतीत तर पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) निर्णायक ठरतो: सामू ५ असताना निम्मे औषध विघटित व्हायला सुमारे बारा तास लागतात, तर ९ असताना काही मिनिटेच पुरतात. बोअरचे पाणी अल्कधर्मी असेल, तर सामू तपासल्याशिवाय औषध कालवूच नये.

पाणी उकळले की विष जाते, हा समज येथे उपयोगाचा नाही, कारण उकळण्याने ईटीयू नष्ट होत नाही. उलट भाजीवर मॅन्कोझेबचा अंश असेल तर शिजवताना त्याचेच ईटीयू बनते. म्हणून भाजी चिरण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली नीट धुवावी.

मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण त्या मानाने निर्धोक, असेही समजू नये. त्यातील तांबे हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होतच नाही. ते मातीत वर्षानुवर्षे साचत राहते आणि पाण्यात गेल्यास जलचरांना मारक ठरते.

विहिरीचे पाणी तपासून घेताना नेहमीचा कीटकनाशक अहवाल स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० : २०१२ मध्ये, कीटकनाशकांची यादी आहे, पण तिच्यात मॅन्कोझेब नाही. प्रयोगशाळेत मॅन्कोझेबचा अंश सहसा त्यापासून निघणाऱ्या कार्बन डायसल्फाइडवरून मोजतात, आणि त्या पद्धतीत ईटीयू सापडत नाही. त्यामुळे नमुना देतानाच ईटीयूची स्वतंत्र तपासणी तेथे होते का, हे विचारावे आणि मागणीपत्रावर ते नाव स्पष्ट लिहावे.