जुन्या फियाटचं रूप राखायचं तर आधी क्रोम वाचवा

गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असलेली पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, बाहेर काढली, की पहिला मोह होतो तो रंगाचा. भाऊ, रंगाची घाई करू नका. ग्रिल, बंपर, हेडलाइटच्या कडा, दाराखालची पट्टी. या गाडीची सगळी शान त्या क्रोममध्ये, म्हणजे लोखंडावरच्या चकचकीत मुलाम्यात आहे. ते गेलं तर कितीही महाग रंग मारा, गाडी ओळखू येत नाही.

बंपरवर तांबूस ठिपके दिसले तर पॉलिश पेपर लावू नका, ओरखडे पडतात. पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियमची पन्नी घ्या, तिचा बोळा पाण्यात बुडवा आणि हलक्या हातानं गोल गोल घासा. पन्नी क्रोमपेक्षा मऊ असते, म्हणून गंज सुटतो आणि चकाकी शाबूत राहते. करडा राबडा निघतो, तो पुसत राहायचा. ठिपका बोटाला खड्ड्यासारखा लागला तर तिथला थर गेलेला समजा, पुढे घासू नका. मग स्वच्छ धुऊन जुन्या धोतराच्या फडक्यानं पार कोरडं करा आणि वर मेणाचं पॉलिश लावा. हे मृगाच्या आधी उरकायचं. पावसाळ्यात आपली काळी माती बंपरच्या आतल्या बाजूला थापल्यासारखी बसते, ओल धरते, आणि गंज आतूनच लागतो. तिथे पाइपनं पाणी मारायला विसरू नका.

एखादी पट्टी हरवली असेल, तर ती कुठून कुठवर होती हे जुन्या मराठी मालिकांत सापडतं. दूरदर्शनचे बरेच जुने कार्यक्रम यूट्यूबवर आहेत. रस्त्यावरचा प्रसंग आला की चित्र थांबवा, गाडीची बाजू नीट पाहा. रंग पाहायचा तर १९८२ नंतरचंच काढा, त्याआधीचं प्रक्षेपण कृष्णधवल होतं. आणि आपल्या गाडीच्या सालाच्या आसपासचं शोधा, कारण १९६४च्या फियाट डिलाइटची, म्हणजे पद्मिनीच्या आधीच्या गाडीची ग्रिल वेगळी, पद्मिनीची वेगळी. मला हे शोधणं फार आवडतं. आमच्या घरी संध्याकाळी 'आमची माती, आमची माणसं' लागायचं, तेव्हा बाबा गाडी पुसायचं फडकं हातात घेऊनच ओसरीवर यायचे.

उन्हाळ्यात गाडी टिनाच्या सावलीत ठेवा, पण प्लास्टिक अंगाला गुंडाळू नका, सुती चादर टाका.

गाडीला ५० वर्षं झाली असतील तर २०२१च्या नियमांप्रमाणे विंटेज, म्हणजे जुनी जपलेली गाडी म्हणून नोंदणी होते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, फी २० हजार, मुदत १० वर्षं. मग ती रोज बाजारहाटाला काढता येत नाही, आणि गाडी मूळ रूपात असावी लागते. म्हणून जुनी चाकं, हबकॅप, स्टिअरिंगजवळचा गिअरदांडा, काहीही भंगारवाल्याला देऊ नका. तेलाचा हात फिरवून माळ्यावर ठेवा.