डोंगरात पळायला निघालात? निदान या चुका टाळा

पुण्यात टेकडीवर पळायला लागलेला माणूस साधारण तिसऱ्या महिन्यात बिघडतो. तळजाई झाली, वेताळ टेकडी झाली, की ग्रुपवर मेसेज पडतो: 'या रविवारी के टू एस, म्हणजे कात्रज ते सिंहगड मारू.' मारा की! डोंगर काही कोणाच्या मालकीचा नाही. पण त्याच त्या चुका करून अडकलेली माणसं दर सीझनला बघून आता कंटाळा आलाय, म्हणून हे लिहितोय.

किलोमीटर मोजणं

सगळ्या चुकांची आई ही. रस्त्यावर दहा किलोमीटर पंचावन्न मिनिटांत होतात, म्हणजे कात्रज ते सिंहगड सोळा किलोमीटर दीड तासात, असा हिशोब चांगली शिकलेली माणसं करतात. पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगडाची पायवाट जेमतेम अडीच-पावणेतीन किलोमीटरची आहे, पण चढ सुमारे ६०० मीटर. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने चालणाऱ्यांसाठी एक आडाखा दिला होता: सपाटीला ताशी साधारण पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. पळणाऱ्यांनी त्याचं सोपं रूप लक्षात ठेवावं. १०० मीटर चढ म्हणजे सपाटीचा आणखी एक किलोमीटर. त्या हिशोबाने सिंहगडाची ती चढण जवळजवळ नऊ किलोमीटरची होते. यात उतार, घसारा (पाय घसरवणारा सुटा मुरूम) आणि वाट शोधण्यातला वेळ धरलेलाच नाही.

आता के टू एसचं बघा. जुन्या कात्रज बोगद्यापासून निघालेली डोंगराची धार सिंहगडाच्या घाटरस्त्यापर्यंत जाते. तेरा टेकड्या म्हणतात. मोजणारा दमलेला असेल तर सतरा होतात. चढायचं, उतरायचं, परत चढायचं. सावली नाही, पाणी नाही.

एका ऑक्टोबरात मी उलट बाजूने, सिंहगडाकडून कात्रजकडे येत होतो. साडेदहा वाजले असतील. एका टेकडीच्या उतारावर चौघे बसलेले दिसले. बूट एकदम नवे, घड्याळं माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग, आणि चौघांत मिळून अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, त्याही रिकाम्या. 'काका, पुढे पाणी कुठे मिळेल?' मी म्हटलं, सिंहगडाच्या रस्त्यावर. 'म्हणजे किती?' अजून निम्मी धार बाकी होती. त्यांच्यातल्या एकाच्या दोन्ही पोटऱ्या वळल्या होत्या आणि तो विचारलेल्या प्रश्नांना भलतीच उत्तरं देत होता. हे लक्षण मला अजिबात आवडत नाही. उन्हात माणूस बरळायला लागला की शर्यत संपली, आधी त्याला थंड करायचं. माझ्याकडचं निम्मं पाणी त्याला पाजलं, थोडं मानेवर आणि डोक्यावर ओतलं. धार सोडली, दक्षिणेकडच्या एका सोंडेवरून त्याला धरून धरून उतरवलं आणि वस्ती गाठली. पहिल्याच घरातल्या मावशींनी आधी हंडा पुढे केला, मीठ-साखर घातलेलं पाणी दिलं, आणि तो शुद्धीवर आल्यावर मग विचारलं, 'एवढ्या उन्हात कशाला मरायला गेला होतात रे बाबांनो?' याला माझ्याकडे आजही चांगलं उत्तर नाही.

पाण्याबद्दलचे गैरसमज हल्ली व्हिडिओंतून येतात. फ्रान्समधल्या लार्झाकसारख्या चुनखडीच्या पठारांवर लोक पळताना दिसतात. तिथे पाऊस खडकाच्या भेगांतून खाली जातो, पठार कोरडं राहतं आणि झरे दरीच्या तळाशी फुटतात. म्हणून तिथला माणूस दरीत उतरलो की बाटली भरू असं म्हणू शकतो. आपल्याकडे काळा बेसॉल्ट, लाव्ह्याचे थर एकावर एक. पाणी कठीण थरावर अडतं, सच्छिद्र थरातून आडवं सरकतं आणि डोंगराच्या अर्ध्यातच कुठेतरी बाहेर पडतं. यातले पुष्कळसे झरे दिवाळीनंतर मान टाकतात. जुलैत पाहिलेल्या झऱ्याच्या भरवशावर फेब्रुवारीत जाऊ नका. सिंहगडाच्या देवटाक्याचं पाणी गोड म्हणून प्रसिद्ध आहे, पण तेवढ्यावरून दर गडावरच्या हिरव्या टाक्यात बाटली बुडवू नका. पाऊस संपला की लांब धारेवर मी दोन लिटरच्या खाली घेऊन जात नाही, मार्चनंतर तीन. जड होतं, हो. सोबत ओआरएसची पुडी आणि खारे शेंगदाणे. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं मीठ उतरतं आणि ते तहानेइतकंच वाईट.

दुसऱ्याच्या रेघेवर पळणं

दुसऱ्या कोणी नोंदवलेल्या वाटेची जीपीएक्स फाइल उतरवायची, मोबाईलमध्ये टाकायची आणि निळी रेघ धरून सुटायचं. फाइलमध्ये वाईट काही नसतं. पण ती कोणत्या महिन्यात नोंदवली, हे कोणी बघत नाही.

पुण्याच्या पश्चिमेला मुठा, मोसी आणि आंबी नद्यांच्या खोऱ्यांत टेमघर, वरसगाव आणि पानशेत ही धरणं आहेत. जलाशय पावसाळ्याच्या शेवटी काठोकाठ भरतात आणि मेअखेर तळाला जातात. मे महिन्यात कोणी उघड्या पडलेल्या पात्रातून सपाट, सुंदर ट्रॅक नोंदवला असेल, तर सप्टेंबरात तो पाण्याखाली असतो. ओळखीतल्या एका टोळीने पानशेतच्या बॅकवॉटरला नेमकं हेच केलं. दुपारी रेघ सरळ पाण्यात शिरली. समोरच्या काठावर त्यांची गाडी दिसत होती, आरामात हात हलवावा इतकी जवळ. आल्या वाटेने मागे फिरायचं तर अंतर बरंच, म्हणून कोणीतरी म्हणालं, 'काठाकाठाने जाऊ.' जलाशयाचा काठ सरळ नसतो हो! दर ओढ्यात पाणी आत घुसलेलं असतं, प्रत्येक फाट्याला वळसा घालावा लागतो आणि मध्ये घाणेरी आणि करवंदीची जाळी. वर काठावरचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत घेतो. एकाचा बूट तिथेच राहिला. रात्री उशिरा कसेबसे रस्त्याला लागले, एका टेम्पोवाल्याने दया दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकाने ही सगळी भ्रमंती 'ॲडव्हेंचर रन' या नावाने ॲपवर टाकली. ती फाइल आता कोणीतरी उतरवून घेत असणार.

माझी सवय सांगतो. फाइलची तारीख बघायची, सॅटेलाइट नकाशावर रेघ तपासायची आणि मग गावात विचारायचं. विचारण्यातही गंमत आहे. 'मामा, ही वाट खाली जाते ना?' असं विचारलंत तर उत्तर 'जाते की' असंच येणार. पाहुण्याला नाही कोण म्हणणार? मी विचारतो, 'या वाटेने गुरं उतरतात का?' गुरं उतरत असतील तर निर्धास्त जा. 'गुरं नाय, माणूस उतरतो' असं उत्तर आलं तर पुढे कातळटप्पा आहे असं समजा. आणि 'हे काय, धा मिनिटं' हे त्यांच्या पायांनी, त्याचं आपल्याला निदान अर्धा तास धरायचं. धारेवर ढोरवाटा शेकड्याने फुटतात, त्यामुळे दर फाट्यावर थांबून मी एकदा मागे वळून बघतो. परत येताना वाट त्या बाजूने दिसणार असते.

शॉर्टकट

वळणं कापून सरळ खाली उड्या मारणाऱ्यांनी दोन मिनिटं वाचवून काय साधतं ते मला कोणीतरी समजावून सांगा. तुमच्या पायांनी पडलेल्या चरातून पुढच्या पावसाळ्यात पाणी धावतं, चराची घळ होते आणि मूळ वाटही खचते. सिंहगडाच्या वाटेवर नजर टाकली तरी कळेल.

पुण्यातलं आभाळ बघून निघणं

शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, पश्चिमेकडच्या ताम्हिणी घाटात कित्येक हजार. कोथरूडला ऊन असताना मुळशीकडचा ओढा फुगलेला असू शकतो. पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल आणि गुडघ्याच्या वर असेल तर मी ओलांडत नाही. बसून राहतो. छोटे ओढे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात. तेवढी वाट बघणं ज्यांना जमत नाही त्यांनी ट्रेडमिलवर पळावं. पावसाळ्यात काळा चकचकीत कातळ दिसला की पळणं सोडून चालायचं. शेवाळावर कोणत्याही कंपनीच्या बुटाची पकड चालत नाही.

पावसाळा सरला की घसारा येतो. कठीण खडकावर सुटा मुरूम, फरशीवर मोहरी सांडल्यासारखा. घाबरून मागे झुकलात की बसलातच. पावलं छोटी, गुडघे सैल, अंग किंचित पुढे.

बाकीच्या फुटकळ गोष्टी. नवे बूट थेट लांब ट्रेलवर नको. पायाची नखं कापून जा, नाहीतर उतारावर काळी पडतात. ऑक्टोबरनंतर कुसळं मोज्यांत शिरतात, उंच मोजे किंवा गेटर (बुटाच्या तोंडावर घालायचं कापडी आवरण) घाला. दोन्ही कानांत इअरफोन घालून धारेवर पळू नका. अत्तर, डिओ घरी ठेवा, आग्या मोहोळाला तो वास सहन होत नाही. धनगरवाड्यावरचे कुत्रे अंगावर आले तर पळू नका, थांबा, मालकाला हाक मारा. बॅटरी, म्हणजे टॉर्च, दिवसाही सोबत हवी. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी कोणाला तरी सांगून निघा. अडकलात तर ११२ लावा, पण खोऱ्यात रेंज नसते, त्यासाठी धारेवर परत चढावं लागेल.

आणि सिंहगडावर पोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि वर दोन मडकी दही खाऊन लगेच आतकरवाडीकडे पळत उतरणारे दर रविवारी दिसतात. तिसऱ्या वळणावर परत दिसतात, पोट धरून बसलेले. खायचंच असेल तर चालत उतरा. मी ताक पितो आणि भाकरी बांधून घेतो.