स्पॅनिशमध्ये 'खूप' म्हणताना या चुका टाळा

मुसळधार पाऊस, कडाक्याची थंडी, गाढ झोप. 'गाढ पाऊस' असं मराठीत कुणी म्हणत नाही आणि ते कुणाला वर्गात शिकवावंही लागत नाही. जोड्या कानावर पडून पडून बसलेल्या असतात. पण हीच मंडळी स्पॅनिश लिहायला बसली की दिसेल त्या शब्दाआधी 'मुय', म्हणजे 'खूप', लावतात, नाहीतर इंग्रजीतलं विशेषण उचलून आणतात. पुण्यात स्पॅनिश शिकवताना आणि भाषांतरं तपासताना याच चुका मी वर्षानुवर्षं खोडतेय.

सगळ्यात महाग पडते ती दुखण्याची चूक. एकदा रुग्णांसाठीच्या प्रश्नावलीचं भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं. 'तीव्र वेदना' म्हणून त्यात सगळीकडे 'दोलोर आगुदो' लिहिलं होतं. बोलीत 'आगुदो' म्हणजे टोचणारं, आरपार जाणारं, त्यामुळे पहिली काही पानं माझ्याही नजरेतून सुटली. मग एका प्रश्नात 'दोलोर क्रोनिको आगुदो' आलं आणि मी थांबले. वैद्यकीय मजकुरात आजाराला 'आगुदो' म्हटलं की तो अचानक उद्भवलेला; 'क्रोनिको' म्हणजे जुनाट. एकच दुखणं दोन्ही कसं असेल? मागे जाऊन प्रत्येक 'आगुदो' मूळ मजकुराशी ताडून पाहिला: इथे अचानक म्हणायचंय की जोराचं? त्यात अख्खी रात्र गेली. जोर सांगायचा असेल तर 'दोलोर फुएर्ते' किंवा 'इन्तेन्सो' लिहा. आजार गंभीर असेल तर 'ग्रावे'. 'सेवेरो' हल्ली सर्रास दिसतो, पण त्याचा मूळ अर्थ कडक, कठोर, शिक्षकाला शोभतो. माझ्याकडे आलेल्या मजकुरात मी तो ठेवत नाही.

दुसरी चूक पहिल्या महिन्यापासून दिसते: 'खूप थंडी आहे' म्हणायला 'आसे मुय फ्रिओ'. इथला 'फ्रिओ' नाम आहे, म्हणून 'आसे मुचो फ्रिओ'. आपल्याकडे थंड वेगळं, थंडी वेगळी, पण 'खूप' दोघांनाही चालतं. स्पॅनिशमध्ये विशेषणाला 'मुय' आणि नामाला 'मुचो'. भुकेचंही तसंच, 'तेन्गो मुचा आम्ब्रे'. पुल्लिंगी शब्दासारखं 'एल आम्ब्रे' म्हणतात म्हणून 'मुचो' लावू नका, शब्द स्त्रीलिंगी आहे.

'खूप छान'साठी 'मुय बुएनिसिमो' नको, 'इसिमो'मध्येच 'खूप' आलं. इंग्रजीतल्या 'हेवी'सारखा पाऊस 'पेसादा' (जड) नसतो, 'फुएर्ते' किंवा 'तोर्रेन्सिआल' असतो. 'पेसादो' म्हणतात ते डोकं खाणाऱ्या माणसाला. उकडत असेल तर 'तेन्गो कालोर' म्हणा. 'एस्तोय कालिएन्ते'चा अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही. 'ग्रान' नामाच्या आधी आला तर सहसा थोर, 'ग्रान्दे' नंतर आला तर आकाराने मोठा.

'पन्नास जोरदार विशेषणं' अशा याद्या पाठ करून येणारी मुलं दर वर्षी भेटतात. घाई समजते मला, परीक्षा तोंडावर असते. पण सुटं पाठ केलेलं विशेषण नेमकं चुकीच्या नामाला जाऊन चिकटतं. मी वहीत विशेषण एकटं लिहूच देत नाही. घोडचूक म्हणजे 'एर्रोर गार्राफाल'. हा 'गार्राफाल' मुळात चेरीच्या एका मोठ्या जातीचं विशेषण. सिगारेट न सुटणारा तो 'फुमादोर एम्पेदेर्निदो', आणि त्या शब्दाच्या पोटात 'पिएद्रा' आहे, दगड. 'सिलेन्सिओ सेपुल्क्राल'मध्ये थडगं आहे. आपली स्मशानशांतता आठवली की तो पुन्हा पाठ करावा लागत नाही.

शंका आली की मी इग्नासिओ बोस्के यांच्या संपादनाखाली 2004 मध्ये निघालेला 'रेदेस' हा शब्दकोश उघडते. कुठला शब्द कुणाबरोबर बसतो हेच त्यात दिलंय. तिथेही जोडी सापडली नाही, तर साधं 'मुचो' लिहून पुढे जाते.