विहीर, भाताची रास आणि बादली: घनफळ काढायचं कसं

दहावीच्या महत्त्वमापनात सूत्रं तोंडपाठ असून पण मार्क जातात, कारण त्रिज्येच्या जागी व्यास टाकलेला असतो नाहीतर उंचीच भलती घेतलेली असते. म्हणून आधी मापं घ्यायला शिका, कोकणात गोल वस्तूंना काय तोटा.

परसातली जांभ्याची गोल विहीर म्हणजे वृत्तचिती. मोठं माणूस सोबत घ्या आणि कठडा सोडून आतल्या आत टेप धरा, सगळ्यात मोठं माप येईल तो व्यास, समजा 2.8 मीटर, म्हणजे त्रिज्या 1.4. मग दोराला दगड बांधून तळापर्यंत सोडायचा, वर काढल्यावर जेवढा दोर भिजलाय तेवढीच उंची धरायची, विहिरीची अख्खी खोली नाही! भिजलेला दोर 2 मीटर भरला तर πr²h = 22/7 × 1.96 × 2 = 12.32 घनमीटर. एका घनमीटरात 1000 लिटर, म्हणजे 12,320 लिटर पाणी. मे महिन्यात अर्धाच मीटर भिजला तर फक्त 3,080.

खळ्यातली भाताची रास म्हणजे शंकू, इथे खरी गंमत आहे. मधोमध टेप जात नाही, मग बुडाशी सुंभ गुंडाळून परीघ मोजा. 6.6 मीटर आला तर 2π ने भागून त्रिज्या 1.05. आता टोकापासून उतारावरून टेप लावला तर 1.32 येतं पण ती तिरकस उंची, ती घनफळात टाकायची नाही, पायथागोरस लावून सरळ उंची काढा, √(1.32² − 1.05²) म्हणजे जवळपास 0.8. मग ⅓πr²h = 0.924 घनमीटर.

हे ⅓ डोक्यात बसत नसेल तर पुठ्ठ्याचा शंकू आणि तेवढ्याच तोंडाचा, तेवढ्याच उंचीचा डबा करा आणि शंकूने तांदूळ ओता, तीन वेळात डबा भरतो. त्याच डब्याची उंची व्यासाइतकी असेल तर त्यात गच्च बसणारा गोल ⅔ जागा घेतो, हे आर्किमिडीजने सिद्ध केलेलं. म्हणून शंकू, गोल, वृत्तचिती 1 : 2 : 3, गोलाचं 4/3πr³ यातूनच निघतं.

राहिली बादली, म्हणजे शंकूछेद. वरची त्रिज्या 15, खालची 10, उंची 24 सेंमी: ⅓πh(r₁² + r₂² + r₁r₂) = 11,943 घसेंमी, साधारण 11.9 लिटर. बरेच जण सरासरी त्रिज्या 12.5 घेऊन वृत्तचितीचं सूत्र लावतात, त्याने 11.8 येतं. फरक थोडा वाटतो पण दोन त्रिज्यांत जितकं अंतर जास्त तितकं उत्तर कमी पडत जातं, तेव्हा r₁r₂ गाळू नका.